ढिगात हात घालण्याआधी

बस. आधी पाणी पी. आणि मी बोलत असताना मध्ये बोलू नकोस. 'बाई, तुम्ही माझ्या माणसांसमोर माझं काम थांबवलंत' ही तुझी तक्रार मी फाटकातच ऐकली आहे. हो, थांबवलं. उद्या तसंच चाललेलं दिसलं तर उद्याही थांबवीन.

दोन वर्षं तू माझ्या उद्यानविद्येच्या वर्गात पुढच्या बाकावर बसलास. आता तुझा स्वतःचा ठेका आहे. पुण्यातले जुने बंगले पुनर्विकासाला जायच्या आधी त्यांची आवारं साफ करून द्यायची, झुडपं, पाला, फुटक्या कुंड्या, राडारोडा सगळं उचलायचं. चार घरांची चूल त्यावर पेटते. याचं मला कौतुक होतं आणि आहे. म्हणून तर आज सकाळी गॅलरीतून जे दिसलं ते पाहून मी स्वयंपाक अर्धवट टाकून खाली आले.

काय दिसलं ते ऐक, कारण तू तेव्हा टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करत होतास. आंब्याच्या बुंध्याशी कमरेएवढा ढीग होता. खाली तीन-चार पावसाळ्यांचा कुजलेला पाला, वर कालची छाटलेली बोगनवेल. तुझ्याकडच्या मावशी त्या ढिगासमोर वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. लहान मूल उचलावं तसा तो पाला कवेत घेतला आणि पोत्यात भरला. पोतं भरल्यावर अजून मावावं म्हणून त्यात पाय घालून दाबलं. पायात रबरी चपला, त्यातल्या एकीच्या अंगठ्याला सेफ्टीपिन. तिसऱ्या खेपेला हात बाहेर आला तो रक्तानं भरलेला. त्यांनी आवाजसुद्धा केला नाही. पदराची चिंधी फाडली, दातानं गाठ मारली आणि पुन्हा वाकल्या.

मी त्यांना विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? म्हणाल्या, 'धाकट्याच्या वेळी, पोटुशी असताना.' तो धाकटा आता बारावीला आहे. दर दहा वर्षांनी मात्रा घ्यावी लागते, आणि जखमेत माती गेली असेल नि मागची मात्रा पाच वर्षांहून जुनी असेल तर लगेच पुन्हा. हे मी तुला शिकवलं होतं. शेणखत आणि माती हाताळणाऱ्या माणसाला हा पहिला धडा आहे, कारण तो जंतू मातीतच राहतो.

आणि तू मला काय उत्तर दिलंस? 'बाई, त्यांना सवय आहे.'

हे वाक्य मला फार लागलं. सवयीनं तळहाताला घट्टे पडतात, दुसरं काही होत नाही. सवयीनं काचेची धार बोथट होत नाही. मावशी बोलत नाहीत, कारण बोललं तर खाडा पडेल, नि खाडा पडला तर त्या दिवसाची मजुरी गेली. त्यांच्या गप्प बसण्याला तू सवय म्हणतोस. त्यांनी एकदा तरी तुझ्याकडे हातमोजे मागितले असतील की नाही, ते आठव. मागितले असतील तर तू काय बोललास तेही आठव.

असा ढीग कसा हलवायचा हे तुला येतं. परीक्षेत तू ते लिहिलंस, मीच तपासलं. आधी लांब दांड्याच्या काठीनं ढीग डिवचायचा नि थांबायचं. मग दाताळ्यानं कडेचा पाला थोडा थोडा उघड्यावर ओढायचा. खाली ताडपत्री पसरायची, म्हणजे पाल्यात काय आलंय ते दिसतं. हात लागतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोही चामडी मोज्यातला. पायात गमबूट. घोणस दिवसा अशाच ठिकाणी पडून राहते. तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके वाळल्या पानांत मिसळून जातात, आणि कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कार तुझ्या गवत कापायच्या मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? कोकणात जाऊन काम घेशील तर तिथे फुरसं आहे, चपलेच्या उंचीचं. विटांच्या ढिगाखाली विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध चालतं हे दाखवून दिलं, कितीतरी जीव वाचवले, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या औषधाचा उपयोग माणूस दवाखान्यात पोचला तरच ना.

कुणाला साप चावला तर काय करशील, हे मी तुझ्या पोरांना विचारलं. एकानं सांगितलं, वर दोरी आवळून बांधायची. दुसरा म्हणाला, ब्लेडनं चीर द्यायची. तू त्यांना कामावर घेतलंस त्या दिवशी पाच मिनिटं बसून एवढंही सांगितलं नाहीस? बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला चालू द्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज चढायच्या आत काढून घ्यायची. आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात तडक न्यायचं. ते रुग्णालय कोणतं, हे काम सुरू करायच्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं असतं. चावल्यावर नाही.

आता काचेचं. त्या ढिगात बाटल्या होत्या, एक फुटलेली ट्यूबलाइट होती, पतंगाचा मांजा होता. कुंपणावरून लोक वर्षानुवर्षं टाकत आलेत. तू ते सगळं पाल्याबरोबर पोत्यात भरायला लावलंस. ते पोतं खांद्यावरून, पाठीवरून टेम्पोत जातं आणि आत उभी राहिलेली काच पोरांच्या पाठीला लागते. पुढे कुठे जातं? कुणीतरी ते पुन्हा हातानंच उघडतं. या शहरात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती असल्याच हातांसाठी. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढी साधी विनंती त्यांच्या स्वच्छ संस्थेच्या बायकांना पुणेकरांना करावी लागली, म्हणजे न बघता हात पडू नये. तू स्वतः कचऱ्याच्या धंद्यात आहेस. घरमालकाला नाही कळणार, पण तुला हे कळायला हवं. काच पत्र्याच्या डब्यात, वेगळी. पाला वेगळा. राडारोडा वेगळा. आणि पोत्यात पाय घालून दाबायचं नाही, मग दोन पोती जास्त झाली तरी चालतील.

कोपऱ्यात पाला पेटवला होतास तेही पाहिलं. त्यात कण्हेरीच्या फांद्या होत्या. कण्हेर सगळीच्या सगळी विषारी, धूरसुद्धा. बागेतला कचरा जाळू नये. तो आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि पालिका सांगेल तसा द्यावा, हे 2016 च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. कुंपणाचा शेर कोयत्यानं तोडताना तो पोरगा डोळे चोळत होता. शेराचा चीक डोळ्यात गेला की भरपूर वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. तुझ्या त्या आवारात नळ तोडलेला होता आणि पाण्याचा एक कॅनही नव्हता. भर मे महिन्यात! प्यायलासुद्धा नाही!

मशीनचं थोडक्यात सांगते. पात्याचं संरक्षक कव्हर तू काढून ठेवलं आहेस, कारण गवत अडकतं. चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही, आणि त्याच्यापासून चार हातांवर दुसरी मावशी बसून गाजर गवत उपटते आहे. पंधरा मीटर, किती वेळा सांगितलं होतं? उडालेला खडा कुणाला ओळखत नाही.

आणि संध्याकाळी याच मावशी भरलेल्या छोट्या हत्तीवर, फांद्यांच्या माथ्यावर बसून जाणार, विजेच्या तारांखालून. तेही मी मागच्या आठवड्यात पाहिलं आहे.

तुझी दरपत्रकाची वही मला दाखवलीस तेव्हा मी बारकाईनं वाचली. डिझेल आहे, टेम्पोच्या खेपा आहेत, मजुरी आहे, मशीनचं पेट्रोल आहे, घरमालकाच्या वॉचमनचा चहा आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे, तेही तू बरोबर लक्षात ठेवून वेगळं लिहिलं आहेस. आंब्याला हात लावायच्या आधी तू कागद करतोस. माणसाचा हात मात्र तू उघडा आत घालायला लावतोस. चार जोड चामडी हातमोजे, चार जोड गमबूट, दोन चष्मे, एक प्रथमोपचाराची पेटी यांची ओळ त्या वहीत कुठेच नाही. ती लिही. घरमालक जास्त दर देत नसेल तर ते काम सोड. सोडता येत नसेल तर तुझ्या नफ्यातून घाल. पण मावशींच्या तळहातातून काढू नकोस.

तुझी आई दुसऱ्यांच्या बागेत खुरपं घेऊन राबली, म्हणून तू शिकलास. तिची बोटं मी पाहिली आहेत, तुझ्या प्रवेशाच्या अर्जावर अंगठा उठवताना. म्हणून तुझ्यावर जास्त चिडले आहे.

उद्या काम बंद. सकाळी नऊला चौघांना घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात ये, मी तिथे असेन. धनुर्वाताची मात्रा सगळ्यांना, तुलाही. मावशींची जखम नीट धुऊन घ्यायची, आत काच राहिलेली असू शकते. उद्याची मजुरी चौघांनाही पूर्ण द्यायची, खाडा लावायचा नाही. तिथून आपण बाजारात जाऊ, मावशींच्या पायाचं माप घेऊनच. मोठे गमबूट आणून देशील नि त्या ते काढून ठेवतील. परवा काम सुरू होईल तेव्हा पहिली काठी त्या ढिगात तू घालायचीस. मी गॅलरीत आहे.