गतकाळाची गोडी आणि तिचे ऋण

दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपण स्थळासंबंधाने वापरतो. परंतु ती काळाला अधिक यथार्थतेने लागू पडते. डोंगराच्या पायथ्याशी जाऊन तेथील काटेकुटे पाहण्याची सोय निदान असते. गेलेल्या काळाजवळ पुन्हा जाण्याची वाट कोणालाच मोकळी नाही. त्यामुळे त्याचे साजरेपण पारखून न पाहताच आपण मान्य करतो. या गोडीत काही दोष आहे काय, आणि असल्यास तो कोणता, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात गुडवुड नावाचे ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे लढाऊ विमानांचा तळ होता. त्या तळाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर 1948 साली मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या आणि 1966 पर्यंत चालल्या. त्या दिवसांचा स्मरणोत्सव 1998 पासून तेथे भरू लागला. लोक तत्कालीन पोशाख करून येतात, जुन्या मोटारी पुन्हा धावतात आणि आकाशात स्पिटफायर विमाने घिरट्या घालतात. अमेरिकेत हीच ओढ बेसबॉलच्या खेळाभोवती गुंफलेली दिसते. 1941 साली टेड विल्यम्स यांच्या फलंदाजीची सरासरी .406 होती, म्हणजे दर हजार संधींमागे 406 यशस्वी फटके. पुढे ऐन उमेदीचे 1943 ते 1945 हे तीन मोसम त्यांनी सैन्याच्या विमानदलात काढले आणि कोरियाच्या युद्धातही लढाऊ विमान चालविले. खेळाडू आणि योद्धा एकाच देहात नांदावा, असा तो काळ कोणाला मोहक वाटणार नाही?

परंतु या चित्राच्या चौकटीबाहेर कोण राहिले, तेही पाहिले पाहिजे. त्याच सुमारास जॉश गिब्सन नावाचा एक असामान्य फलंदाज खेळत होता. तो कृष्णवर्णीय असल्यामुळे मोठ्या लीगची दारे त्याला बंद होती; त्याच्यासारख्यांनी आपल्या वेगळ्या लीगमध्येच खेळावे, असा रिवाज होता. 1947 च्या जानेवारीत, वयाच्या 35 व्या वर्षी, गिब्सन वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 15 एप्रिल रोजी, जॅकी रॉबिन्सन यांच्या रूपाने त्या बंदीला पहिले खिंडार पडले. शर्यतींची कथाही अशीच आहे. 1955 च्या जूनमध्ये फ्रान्समधील ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि 80 हून अधिक माणसे प्राणास मुकली. शर्यत तरीही थांबविली नाही. गर्दी एकदम रस्त्यावर आल्यास रुग्णवाहिकांची वाट अडेल, असे कारण सांगण्यात आले. युद्धातील विमानविद्येचे म्हणाल, तर ब्रिटनच्या बाँबफेकी दलातील सुमारे 1,25,000 उड्डाण-सैनिकांपैकी 55,573 परत आले नाहीत. आणि ज्या शहरांवर त्यांनी आग वर्षविली, तेथील बायकामुलांचा हिशेब निराळाच.

येथे कोणी म्हणेल, की चार घटका जुन्या आठवणींत रमणाऱ्यांपुढे ही मृतांची यादी कशाला वाचावी? त्यांच्या रमण्याने कोणाचे काय बिघडते? या आक्षेपाला जॅकी स्ट्युअर्ट यांचे चरित्र उत्तर देते. 1966 साली बेल्जममधील स्पा येथे त्यांची मोटार रस्त्याबाहेर फेकली गेली आणि पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत ते तिच्यात अडकून पडले. त्यांना सोडविण्याची कोणतीही तयारी तेथे नव्हती. सहस्पर्धकांनी त्यांना बाहेर काढले. तेव्हापासून त्यांनी सुरक्षिततेचा आग्रह धरला, आणि हा मनुष्य शर्यतीतील अद्भुतरम्यता नष्ट करीत आहे, असा ओरडा काही लोकांनी केला! गतकाळाच्या गोडीतील विष येथे उघड होते. आपल्याला भावते ते माणसाचे धैर्य. पण धैर्य संकटातच प्रकट झाले म्हणून आपण संकटालाच पूज्य मानू लागतो, आणि मग आपल्या रोमांचासाठी दुसऱ्याने जिवावर उदार व्हावे, ही अपेक्षा सहज मनात शिरते. अन्यायाचेही तसेच होते. विल्यम्स यांचा पराक्रम त्यांचा स्वतःचा होता. त्याचे श्रेय आपण काळाला देतो, आणि त्या काळाचा वर्णभेद त्या श्रेयाखाली झाकला जातो.

म्हणून आठवणी टाकून द्याव्यात, असे माझे म्हणणे नाही. ज्याला मागचे काहीच प्रिय नाही, त्याला पुढचे जपण्याची बुद्धी तरी कोठून होणार? मात्र या गोडीचा उपभोग घेणाऱ्याने तिची किंमत कोणी भरली, हे विचारण्याचे ऋण मान्य केले पाहिजे. हे अशक्य नाही. 2012 साली लंडनमध्ये बाँबफेकी दलाचे स्मारक उभे राहिले. त्यावर त्या बाँबवर्षावात मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या माणसांचेही स्मरण कोरलेले आहे. विल्यम्स यांच्यानंतर .400 चा टप्पा कोणी गाठला नाही, असे अमेरिकेत वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितले जाई. 2024 साली कृष्णवर्णीयांच्या जुन्या लीगमधील आकडे अधिकृत नोंदींत सामील झाले, तेव्हा 1943 सालची गिब्सन यांची .466 ही सरासरी एका मोसमातील सर्वोच्च ठरली. विल्यम्स विमानदलात असताना, त्याच वर्षी, दुसऱ्या मैदानावर हा पराक्रम चालू होता. गिब्सनला या न्यायाचा उपयोग नाही, हे खरेच. पण या नोंदीने विल्यम्स यांची .406 एका फटक्यानेही उणी झालेली नाही, आणि तिची आठवण काढणाऱ्याला आता दुसऱ्या मैदानाकडे पाठ फिरवून उभे राहावे लागत नाही.