मान खाली घालताना

मराठीत ‘मान खाली घालणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत. न्हाव्यापुढे बसले म्हणजे मान खाली घालावी लागते, हा त्याचा साधा अर्थ. आणि लाज वाटली म्हणजे मान खाली जाते, हा दुसरा. बहुतेकांच्या आयुष्यात हे दोन अर्थ एकमेकांपासून दूर राहतात. परंतु ज्याच्या डोक्याच्या कातडीला खपल्या धरतात आणि त्यांचा भुगा खांद्यावर पडत राहतो, त्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच खुर्चीत येऊन बसतात. गेली अनेक वर्षे मी अशांपैकी एक आहे.

विषय क्षुल्लक आहे, हे मला ठाऊक आहे. पण बदलीच्या नोकरीत दिवस काढलेल्या वाचकांना त्यातील अडचण सहज कळेल. गावाकडचा न्हावी आपल्या डोक्याला ओळखत असतो. टाळूवरचा भोवरा, लहानपणी पडल्याची खूण, कानामागची खपली हे सारे त्याला पाठ असते, आणि त्यामुळे त्याला काही सांगावे लागत नाही. बदली झाली की घर मिळते, शाळा मिळते, दूधवाला मिळतो. पण आपले डोके पुन्हा एका परक्या माणसाच्या हाती प्रथमपासून द्यावे लागते. रायपूरला आल्यावर पहिले कित्येक महिने मी हे टाळले. रजेवर नागपूरला जाईपर्यंत केस वाढू देत असे. नागपूर काही फार दूर नाही, हावडा-मुंबई मार्गावरची एका रात्रीचीही मजल नाही. तरी केस कापण्यासाठी रेल्वेचे तिकीट काढणारा मनुष्य स्वतःशी प्रामाणिक आहे असे म्हणता येत नाही. नड पडलीच तर मी दर खेपेस निराळे दुकान गाठी. एकदा गोलबाजाराच्या बाजूला, एकदा सदर बाजारात, एकदा बूढा तलावापलीकडे. ज्याने एकदा पाहिले त्याने दुसऱ्यांदा पाहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. अपराधी मनुष्य गावे बदलतो, तशी मी दुकाने बदलत होतो.

मग प्रश्न असा की, अपराध कोणता?

माझ्या विकाराचे नाव सोरायसिस. निरोगी कातडीची पेशी खालच्या थरात जन्मून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. या विकारात तोच प्रवास काही दिवसांत उरकतो, आणि अर्धवट वयाच्या पेशींचे पापुद्रे साचतात. तो एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. कंगव्याने नाही, टॉवेलाने नाही, हाताने नाही. साधा कोंडाही तसाच. ज्या सूक्ष्म बुरशीशी त्याचा संबंध जोडतात ती जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या डोक्यावर राहतेच. कोणाच्या कातडीला ती सोसत नाही, एवढाच फरक. तेव्हा माझ्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. अपराधाला निदान कोणाची तरी हानी लागते, आणि येथे ती नाही. तरी लाज आहे, आणि ती अपराधापेक्षा चिवट आहे. अपराधाची क्षमा मागता येते, भरपाई करता येते. लाजेला फेडण्यासारखे काही नसल्यामुळे ती फिटत नाही.

ही लाज आली कोठून? माझ्या मते ती फार जुन्या भीतीची उरलेली राख आहे. आयुर्वेदाने ‘कुष्ठ’ या एका शब्दाखाली अठरा विकार मोजले, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत महारोगासारखे भयंकर दुखणे आले आणि दाद-खाजेसारखी किरकोळ दुखणीही आली. वैद्याला त्यांतील भेद कळत होता, गावाला कळत नव्हता. युरोपातही निराळे घडले नाही. सोरायसिस आणि महारोग यांचा घोटाळा तेथे शतकानुशतके चालला, आणि व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्राने १८४१ मध्ये दोहोंची निःसंदिग्ध ताटातूट केली. महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनला दिसला तो पुढे १८७३ मध्ये. म्हणजे त्यापूर्वी ज्यांना केवळ खपल्या होत्या, अशा किती माणसांना गावाबाहेर काढले गेले असेल याचा हिशेब कोणाजवळ नाही.

छत्तीसगढात राहून हा विचार पुस्तकी राहत नाही. या प्रदेशाला महारोगाने फार छळले आहे. चांपा येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून मिशनऱ्यांनी रुग्णांसाठी काम केले; आणि त्याच चांपाजवळ सोंठी येथे सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. कात्रे आपल्यासारखेच नोकरदार, रेल्वेतले. आणि स्वतः महारोगाचे रुग्ण. पुढे अमरावती जिल्ह्यातील पाथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे आले आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेथेच राहिले. परमुलखात आलेली मराठी माणसे बहुधा आपले मंडळ, आपला गणपती, आपले वाचनालय उभे करतात. या दोघांनी ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांचे घर उभे केले. इकडे १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा, ज्यात रोग्यांना अमुक धंदे करण्यास आणि सार्वजनिक विहिरीवर जाण्यास मनाई करण्याची तरतूद होती, तो पुसून टाकायला २०१६ साल उजाडावे लागले. औषधाने रोग बरा होऊ लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी कायदा बरा झाला. मने बरी व्हायला आणखी किती लागतील कोण जाणे! त्या मोठ्या भयापुढे माझे दुःख नखाएवढेही नाही. पण दोहोंचे कूळ एकच आहे.

हे कूळ शोधता शोधता मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली आणि मी थबकलो. लहानपणी केस कापून आलो की घरात पाऊल टाकण्याची सोय नसे. आजी अंगणातूनच ओरडे, ‘कुणाला शिवू नकोस, आधी न्हाणीत जा.’ अंगाला चिकटलेले केस धुण्यासाठी आंघोळ हवी, हे खरेच; पण आजीच्या स्वरात केवळ केसांची गोष्ट नव्हती. ज्या हातांनी माझे डोके अर्धा तास धरले होते त्या हातांचा स्पर्श धुऊन काढायचा होता. ज्याच्या वस्तऱ्याखाली आपण निःशंकपणे गळा देतो त्याच्या बोटांचा विटाळ मानतो, ही विसंगती त्या वेळी कोणाला बोचली नाही, मलाही नाही. आता खुर्चीत बसलेला मी, त्याला माझा विटाळ होईल काय म्हणून चोरटा होतो. पिढ्यान्पिढ्या जी तराजू आम्ही धरली होती तिच्या दुसऱ्या पारड्यात बसल्यावर मला तिचे वजन कळले. हा न्याय नव्हे. पण हे शिक्षण खासच आहे.

आमच्याच परंपरेने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. सेना न्हावी भजनात गुंगले, राजाच्या चाकरीची वेळ टळली. तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग धोकटी काखेत मारून गेला आणि त्याने राजाची हजामत केली, डोक्याला तेल चोळले, अशी कथा सांगतात. उत्तरेतील परंपरा सेनांना बांधवगडच्या राजाशी जोडते, म्हणजे ही कथा या मुलखाच्या शेजारचीही आहे. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. देवाला माणसाचे कोणते काम करावेसे वाटले, तर परक्याचे डोके हातात घेण्याचे. ते डोके निर्मळ होते की नाही, हे कथा सांगत नाही. तिला त्याची गरज वाटली नाही.

पण देवाला जे शोभते ते माणसाकडून हक्काने मागता येईल काय? कारागिराला नकार देण्याचा अधिकार आहे की नाही? इतिहासात त्याच्या नकाराची दोन रूपे दिसतात. १८९० मध्ये मुंबईत ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा निर्धार त्या सभेत झाला. सुशिक्षितांच्या व्याख्यानांनी जे झाले नाही ते करायला हातावर पोट असलेली माणसे पुढे झाली. त्या नकारापुढे आपण आदराने उभे राहतो. याच्या उलट, या छत्तीसगढातच गुरू घासीदासांच्या सतनामी अनुयायांना कित्येक पिढ्या न्हावी आणि धोबी मिळत नसत. तोही नकारच; पण तो इतका लाजिरवाणा की १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. वस्तरा तोच, नाकारणारा हातही तोच. मग भेद कशात? पहिल्या नकाराने एका स्त्रीची विटंबना थांबली. दुसऱ्याने संबंध समाजाची विटंबना झाली. पहिला नकार कृत्याला होता, दुसरा माणसाला. माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नातला सारा नीतिविचार एवढ्यात आहे.

हीच कसोटी माझ्या डोक्याला लावून पाहावी. एखाद्याला गजकर्ण आहे, उवा आहेत, तर ‘आधी औषध घ्या, मग या’ असे म्हणणारा कारागीर योग्यच करतो. ते विकार कंगव्याने आणि मशीनने पसरतात, आणि त्याच्यावर पुढच्या गिऱ्हाइकाचीही जबाबदारी आहे. वस्तऱ्याचे पाते प्रत्येकासाठी नवे घालणे ही जशी त्याची नीती, तसे लागट दुखणे घेऊन त्याच्या खुर्चीत न बसणे ही आपली. पण जे लागट नाही त्याला नकार दिला, तर तो कृत्याला नव्हे, माणसाला दिलेला नकार होतो. मात्र न्याय करताना एक विसरू नये. लागट कोणते आणि निरुपद्रवी कोणते हे त्याला कोणी सांगितले आहे? एका गावी एका कारागिराने माझी मान पाहताच कात्री खाली ठेवली आणि दुकान बंद करण्याची वेळ झाल्याचे सांगितले. घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. त्या दिवशी मला फार राग आला. आज वाटते, तो घाबरला होता. आणि त्याची भीती घालवू शकणारा त्या दुकानात एकच मनुष्य होता. तो गप्प बसला होता.

यावर कोणी म्हणेल, माझे दुखणे माझे. ज्यात दुसऱ्याची हानी नाही ते चारचौघांत सांगण्याचे बंधन माझ्यावर का? आक्षेप बरोबर आहे. बंधन नाहीच. दुखण्याची कबुली ही खुर्चीत बसण्याची फी नव्हे. पण जे पाच मिनिटांत त्याला दिसणारच आहे त्याविषयी मौन धरले, तर ते मौन गुप्तता राखीत नाही; केवळ समोरच्याला त्याच्या शंकेबरोबर एकटे सोडते. त्याचे हात हेच त्याचे भांडवल आहे, आणि भीती त्या हातांची आहे. शिवाय सांगण्यात आपलाही स्वार्थ असतो. सोरायसिसच्या कातडीला इजा झाली तर त्या जागी नवा चट्टा उठू शकतो, हे ब्रेस्लाऊच्या कोब्नर नावाच्या वैद्याने १८७० च्या दशकातच दाखवून दिले आहे. म्हणून कंगवा हलका चालवा, खपली खरवडू नका, वस्तरा टेकवू नका, हे सांगायलाच हवे. न सांगता त्याने खरवडले तर दोष कोणाचा?

एवढा विचार झाल्यावर मी एका रविवारी बूढापाऱ्याच्या बाजूच्या एका लहानशा दुकानात शिरलो. खुर्ची एक, आरसा एक. कारागीर पन्नाशीचा. त्याने माझ्या गळ्याभोवती काळा कपडा बांधला. पांढरा भुगा उठून दिसावा म्हणूनच हा रंग निवडतात की काय, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्याने कात्री उचलण्याआधी मी बोललो. भाषण पाठ केल्यासारखे बोललो असेन. डोक्याला विकार आहे, लागणारा नाही, डॉक्टरांनी तसे सांगितले आहे; टॉवेल मी घरून आणला आहे; कंगवा जरा हलका चालवावा; आणि आपली इच्छा नसेल तर मी उठतो, मला राग येणार नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘साहब, बाल तो कट जाएँगे. पहले आप मेरे हाथ देख लीजिए.’

त्याने दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर कातडी भेगाळली होती, लाल झाली होती, काही ठिकाणी सोलली होती. केसांना लावायच्या काळ्या रंगाने आणि दिवसभराच्या साबणाच्या पाण्याने हे झाले आहे, लागणारे नाही, असे डॉक्टरांनी त्यालाही सांगितले होते. तरी गिऱ्हाइके पाहतात आणि पुन्हा येत नाहीत. म्हणून तो दाढीला हात लावताना बोटे मिटून घेतो आणि पैसे घेताना हात चटकन मागे नेतो. गेली चार वर्षे.

म्हणजे त्या खुर्चीच्या पुढे आणि मागे दोन माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होती, आणि दोघेही आपण एकटेच आहोत असे समजत होते. माझ्यापाशी दुकाने बदलण्याची सोय होती. त्याच्यापाशी हात बदलण्याची नव्हती. मला इतकी वर्षे जी लाज वाटली तिच्यात, समोरच्यालाही कातडी असते, हा विचार एकदाही आला नव्हता. लाज ही नम्रता वाटते, पण तिच्या मुळाशी आत्मकेंद्रितपणाच असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्याने केस कापले. कंगवा हलका चालवला. मध्ये एकदा त्याने नेहमीप्रमाणे माझ्या डोक्यामागे बोटे टेकून ते पुढे वाकविले, आणि मी मान खाली घातली. तिचा अर्थ या खेपेस एकच होता.