आईचे कर्तव्य आणि वैद्याचे कर्तव्य

वैद्यकी शिकलेल्या स्त्रीने मूल झाल्यावर घरीच राहावे, की रोग्यांकडे जावे, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडांत पुष्कळ घरीं निघतो. निकाल देण्यापूर्वी वाचकांनी मेळघाटांतील बैरागडची हकीकत ध्यानांत घ्यावी. डॉ. स्मिता कोल्हे नागपुरांतील आपला दवाखाना सोडून, लग्नानंतर पति डॉ. रवींद्र कोल्हे यांजबरोबर तेथे राहावयास गेल्या. पहिले बाळंतपण गांवांतच झाले. बाळास मेंदूज्वर व न्यूमोनिया झाला. अकोल्यास न्या, असे लोकच म्हणू लागले. पतीने निर्णय त्यांजवर सोपविला. गांवच्या इतर मुलांस जो उपचार, तोच आपल्या मुलास, असे त्यांनी ठरविले. मूल वाचले. २०१९ साली उभयतांस पद्मश्री मिळाली.

तथापि आम्ही येथे अडखळतो. त्या तान्ह्यास कोणी विचारले होते? ते दगावते, तर आज स्तुति करणारेच त्या माउलीस निष्ठुर म्हणते. जी डॉक्टरीण दवाखाना बंद करून बाळाच्या उशाशी बसेल, तीस दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. रोगी दुसऱ्या वैद्याकडे जाईल. बाळास दुसरी आई कोठली? पण बैरागडांत दुसरा वैद्य तरी कोठे सहज मिळणार होता? आणि अकोल्याची वाट ज्यांस परवडत नव्हती, त्या आयांचीहि मुले तान्हीच होती.