किती पुसायचे?

भूमध्य समुद्राच्या काठच्या टेकड्यांवर एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. उन्हाळ्यात वणवा लागला की तेही इतर झाडोऱ्याबरोबर जळते. पण जमिनीलगत मुळाशी त्याची एक टणक गाठ असते, ती आगीतून वाचते आणि तिलाच पुन्हा धुमारे फुटतात. तंबाखूच्या पाईपसाठी लागणारे ब्रायर म्हणजे ही गाठ. ती खणून काढतात, तुकडे करून तासन्‌तास उकळतात, मग कित्येक महिने सुकवतात. फ्रान्समध्ये ज्युरा पर्वतातल्या सां-क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचे पाईप घडू लागले. त्याआधी युरोपभर मातीचे पाईप चालत. स्वस्त आणि ठिसूळ. फुटला की फेकायचा, दुसरा घ्यायचा. थेम्सला ओहोटी लागली की लंडनच्या चिखलात त्यांच्या नळ्यांचे तुकडे आजही सापडतात. त्यांची डागडुजी करत बसण्यात काही अर्थच नव्हता. ब्रायर आले आणि पाईप ओढणाऱ्या माणसाहून जास्त जगू लागला. दुसऱ्या कुणीतरी वर्षानुवर्षे दातांत धरलेल्या वस्तूचे आपण काय करायचे, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

असा पाईप हातात येतो तेव्हा वाटीच्या आत काजळीचा इतका थर साचलेला असतो की करंगळीही धड जात नाही. वाटीची कड लायटरने करपलेली. दांडीच्या भोकात डांबरासारखे चिकट किटण. तोंडात धरायची नळी एकेकाळी काळीभोर असावी. आता ती हिरवट-तपकिरी झालेली, टोकाशी दातांचे खड्डे. पाहणाऱ्याला हे सगळे मिळून ‘घाण’ वाटते. मला तसे वाटत नाही. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने झालेली आहे आणि प्रत्येकीला वेगळे उत्तर द्यावे लागते.

काजळीचेच घ्या. ती मुळात शत्रू नाही. जेमतेम एक मिलिमीटर थर असला तर तो लाकडाला निखाऱ्यापासून वाचवतो, आणि मुरलेला ओढणारा तो मुद्दाम जमू देतो. जाड झाला की मात्र तापल्यावर तो आणि लाकूड सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, आणि वाटीला तडा जाण्याची भीती असते. म्हणून थर खरवडायचा, पण कुठे थांबायचे हे हातानेच ठरवायचे. आतून भिंत तडकल्याचा संशय असेल तर लाकूड दिसेपर्यंत जावे लागते. नसेल तर पातळ, सारखा थर राहू द्यावा, असे माझे मत आहे.

वासाचे काम सावकाशीचे. वाटीत जाडे मीठ भरतात, वरून ड्रॉपरने शुद्ध अल्कोहोल सोडतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी पांढरे मीठ तपकिरी झालेले असते. लाकडात मुरलेला जुना अर्क त्याने ओढून घेतलेला असतो. कुणी मिठाऐवजी कापूस वापरतात. मग दांडीतून आणि नळीतून अल्कोहोलमध्ये बुडवलेले पाईप क्लीनर घालत राहायचे, तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत. डब्लिनच्या पीटरसन कंपनीचा ‘सिस्टिम’ पाईप असेल तर हे काम दुप्पट. चार्ल्स पीटरसनने १८९० मध्ये पेटंट घेतलेल्या त्या रचनेत धुरातली ओल साठवायला दांडीत एक खोलगट जागा ठेवलेली असते. ओढणाऱ्याला त्यामुळे कोरडा धूर मिळतो, आणि साफ करणाऱ्याला त्याच जागेत पन्नास-पन्नास वर्षांचे किटण.

या कामात मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या दोन क्रिया मात्र अशा आहेत, ज्यांत काहीच काढून टाकले जात नाही. वाटी कुठे आपटून पोचा पडला असेल तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्रीचे टोक टेकवतात. वाफ दबलेल्या तंतूंत शिरते, तंतू फुगतात, आणि पोचा बराचसा भरून येतो. नळीचेही तसेच. ती व्हल्कनाइटची असते, म्हणजे गंधक भरपूर घालून कडक केलेले रबर. चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक तापवण्याच्या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळाले, त्या वाटेवरचा हा पदार्थ. उष्णता दिली की तो आपल्या मूळ आकाराकडे वळू लागतो. मेणबत्तीच्या ज्योतीवरून जपून फिरवली तर दातांनी दबलेला भाग वर येतो. इथे माणूस फक्त साहाय्य करतो. परत येण्याची शक्ती त्या द्रव्यातच असते.

पॉलिश पेपरचे तसे नाही. करपलेली कड सपाट पृष्ठभागावर पेपर ठेवून घासली की स्वच्छ दिसते, पण वाटीची उंची कमी होते आणि कारागिराने ठरवलेले प्रमाण कायमचे जाते. नळीवरचा हिरवट रंग उजेडाने आणि ओलीने गंधक पृष्ठभागावर आल्यामुळे येतो. तो घासल्यावाचून पुरता जात नाही, आणि त्याला आंबूस चव असते म्हणून तो जायलाच हवा. बारीक, अजून बारीक असे पेपर वापरत गेले की काच चमकावी तशी नळी होते. पण घासण्याच्या भरात ओठांमागे अडकणारी कड बोथट होते. डनहिल कंपनीच्या पाईपची खूण असलेला नळीवरचा पांढरा ठिपकाही खरवडला जाऊ शकतो. शेवटी कार्नोबा मेण लावून बफिंग चाकावर धरले की लाकडाच्या रेषा उजळतात, आणि नेमके याच चाकावर सर्वांत मोठे नुकसान होते.

ते नुकसान दांडीवरच्या ठशांचे. पीटरसनच्या जुन्या पाईपवर कुठे ‘आयरिश फ्री स्टेट’ असा ठसा असतो, कुठे ‘एरे’, कुठे ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’. १९२२ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातच राहून मिळालेले स्वराज्य, १९३७ च्या राज्यघटनेने दिलेले नाव, १९४९ मधले प्रजासत्ताक: एका देशाची राजकीय वाटचाल त्याच्या कारागिरांनी लाकडावर दाबून ठेवली आहे. डनहिलवर ‘इंग्लंड’ शब्दापुढे एक बारीक आकडा असतो, त्यावरून वर्ष काढता येते. चांदीचे कडे असेल तर त्यावर तपासणी कार्यालयाची मुद्रा: नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, शेजारी वर्षाचे अक्षर. चेस्टरचे कार्यालय तर १९६२ मध्ये बंदच झाले. त्याची मुद्रा नव्याने उमटणार नाही. हे सारे केसाएवढ्या खोलीत असते. बफिंग चाकाला दहा-बारा सेकंद जास्त मिळाले की एक वर्ष, एक शहर, एका देशाचे जुने नाव पुसले जाते, आणि त्या जागी येते ती झिलई, जी कुठल्याही नव्या पाईपवर मिळते. मला हे अक्षम्य वाटते. ठशांभोवती हातानेच, फडक्याने काम करावे, मग तिथे थोडी मळकट छटा राहिली तरी चालेल.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्ये इमारतींच्या जीर्णोद्धारावर कठोर टीका केली होती, आणि कारागीर-लेखक विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती याच रागातून: जुने दगड खरवडून त्यांना कल्पनेतले मध्ययुगीन रूप देणाऱ्यांविरुद्ध. त्यांच्याशी मी जवळजवळ सहमत आहे. पूर्ण नाही, कारण पाईप ही तोंडात धरायची वस्तू आहे. हात न लावता काचेत ठेवला तर आंबूस वासाचा पाईप दोन पिढ्यांत कचऱ्यात जातो. अडथळा आणणारे, कुजवणारे, वस्तू मोडणारे काढावे, सांगणारे राखावे. हा नियम सोपा आहे, पण प्रत्येक वेळी वस्तू पाहूनच तो लावता येतो. मीरशॉमचा पाईप पाहा. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिर भागात निघणाऱ्या या हलक्या पांढऱ्या खनिजाची वाटी धुराने हळूहळू मधाच्या, मग तांबूस रंगाची होते. तिथे डागच किमतीचा असतो आणि तो घालवणे म्हणजे वस्तू मारणे. ब्रायरची कड काळी करणारा आणि मीरशॉमला सोनेरी करणारा धूर एकच असतो.

दातांच्या खुणांपाशी मी सर्वांत जास्त थबकतो. विक्रीसाठी असलेल्या पाईपवरच्या खुणा भरून टाकायला हरकत नाही. नवा मालक अनोळखी माणसाचे दात का सोसेल? पण कुणी आपल्या आजोबांचा पाईप आणला असेल तर आधी विचारावे. नळीच्या डाव्या बाजूलाच खोल खड्डे असतील, तर तो माणूस डाव्या दाढेत पाईप धरून काम करत होता, दोन्ही हात मोकळे ठेवून. हे फोटोत असेलच असे नाही. खड्डा आरपार गेला असेल तरच तो भरावा.

तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात, आणि पाईपचा धूरही तोंडाचा, घशाचा कर्करोग देतो. मग त्याची जपणूक कशाला? माझे उत्तर असे की पाईप ओढला जावा म्हणून मी त्याच्या बाजूने बोलत नाही. पुष्कळ घरांत तो पुन्हा कधीच पेटणार नाही, आणि ते चांगलेच आहे. पण त्यामुळे साफसफाईचे गणित बदलते. पेटवायचा नसेल तर मीठ-अल्कोहोलची गरज नाही, काजळी तडा घालणार नाही, नळीची चव कुणाला कळणार नाही. धूळ आणि बुरशी काढली, चांदी हलक्या हाताने पुसली, लाकडाला थोडे मेण दिले, की झाले. घरच्यांना तो जुना गोडसर वास हवा असेल तर वाटीला हातच लावू नये. आणि पाईप विकायचा असेल तर सोबत चिठ्ठी द्यावी: कड किती घासली, नळी मूळची की बदललेली, कुठले खड्डे भरले, ठसे जसेच्या तसे आहेत की नाही.