मन भटकते तेव्हा मिस्साला बसावे का?

शंका : फादर, मी कट्टा गावाजवळच्या वाडीत राहते. दर रविवारी मिस्साला जाते, पण मन जाग्यावर नसते. प्रवचन चालू असते आणि माझ्या डोक्यात अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बिया, मुंबईत नोकरी शोधणारा मुलगा, संपत आलेला गॅस. तेर्स (जपमाळ) म्हणतानाही ओठ आपोआप हलतात. पुढच्या बाकावरच्या बाया डोळे मिटून किती तल्लीन दिसतात! मी नुसते ढोंग करते असे वाटते. मन लागत नसेल तर न जाणेच जास्त प्रामाणिकपणाचे नाही का?

समाधान : नाही, ताई. जात राहा. दुसऱ्याला फसवण्यासाठी केलेले ते ढोंग. तुम्ही तर कुणी विचारले नसताना आपली अडचण लिहून कळवलीत. ढोंगी माणसाला असे पत्र लिहावेसे वाटत नाही.

सोळाव्या शतकातल्या स्पेनमधली आविलाची संत तेरेसा प्रार्थनेची मोठी गुरू. 1970 साली ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिताचा मान दिला. तिने आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे की, कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर तिचे सगळे लक्ष तास कधी संपतो आणि घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडे असे. प्रार्थनेच्या खोलीत शिरायचे म्हटले की तिला उदास वाटे. तरी ती जाऊन बसत राहिली. तल्लीन होणे तिच्या हातात नव्हते, बसणे होते. तुमचेही तसेच आहे.

मन भटकले की त्याच्यामागे काठी घेऊन धावू नका. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही हाच सल्ला आहे: विचलनांची शिकार करायला निघालो की आपण त्यांच्याच जाळ्यात सापडतो. ती आपला जीव कशात गुंतला आहे ते दाखवतात, एवढे ओळखावे आणि नम्रपणे परत फिरावे. तुमचे मन मुलाकडे जाते ना? मग त्या क्षणी मुलालाच देवापुढे ठेवा. पोटच्या पोराची काळजी बाजूला सारून कुठली वेगळी, शुद्ध प्रार्थना तुम्ही करणार आहात? तेर्स एका दमात संपवायची घाईही नको. घाईच्या दिवशी एकच दशक म्हणा, पण सावकाश.

पुढच्या बाकावरच्या बायांकडे मात्र बघू नका. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांची गोष्ट आहे, एक परुशी आणि एक जकातदार. परुशी खोटे बोलला असे येशू कुठेच म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दहावा भाग दान, हे सगळे तो खरेच करत असावा. त्याचा घात झाला तो शेजारी नजर टाकल्यामुळे. शेजाऱ्यापेक्षा मी बरा, ही तुलना त्याला घेऊन गेली. शेजारीण बरी, मी वाईट, ही तुलनासुद्धा तशीच आडवी नजर आहे. जकातदाराने परुशाकडे पाहिलेच नाही.

शंका : चर्चमध्ये मिस्सा मराठीत, कोकणीत. घरात आम्ही मालवणी बोलतो. रात्री एकटी असले की मी देवाला म्हणते, बाबा माझ्या, आज दमलंय, पोराक सांभाळ रे. सुनेला हे गावंढळ वाटते. ती म्हणते, देवाशी असे बोलणे हा त्याचा अपमान आहे. खरे काय?

समाधान : आजी, अशीच बोला. सुनेला सांगा की, येशूच्या अटकेच्या रात्री महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात लोकांनी पेत्राला ओळखले ते त्याच्या बोलीवरून. गालिली हेल त्याला लपवता आला नाही. त्याच हेलात बोलणारी माणसे येशूने आपल्याभोवती गोळा केली होती.

आपल्या मुलखालाही ही गोष्ट नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट 1579 मध्ये गोव्यात आला, सासष्टीत राहिला, इथल्या लोकांकडून इथली भाषा शिकला आणि हजारो ओव्यांचे ख्रिस्तपुराण त्याने रचले. 1616 मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. परदेशातून आलेला विद्वान पाद्री वयाने प्रौढ असताना विद्यार्थी होऊन लोकांच्या जिभेपाशी बसला. या नम्रतेपुढे मला त्याची विद्वत्ताही लहान वाटते. मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करण्याची वाट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मोकळी केली ती 1963 साली, म्हणजे त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी.

चर्चमध्ये सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र सगळ्यांचे शब्द घ्या. तिथे आपला सूर इतरांच्या सुरात मिसळू देणे हीसुद्धा नम्रताच आहे.

शंका : मी कट्ट्याचा, सध्या पुण्यात नोकरीला. इथल्या प्रार्थनासभेत लोक हात वर करतात, मोठ्याने रडतात, जमिनीवर पडतात. मला काहीच होत नाही. माझी श्रद्धा कोरडी आहे का? का ते सगळे दिखाऊ आहे?

समाधान : दोन्ही निकाल घाईचे आहेत. पुण्यात आहात, तर कधी केडगावला जाऊन या. दौंडच्या अलीकडे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. जून 1905 मध्ये तिथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या, विधवा म्हणून छळलेल्या मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपली पापे कबूल करू लागल्या. पुष्कळांना तो गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी तो बंद पाडला नाही. ज्यांना आयुष्यात मोठ्याने बोलायची मुभाच नव्हती, त्यांना देवापुढे गप्प करण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पण त्याच रमाबाईंची दुसरी बाजूही पाहा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. केवढे हे धाडस! कोलकात्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले, शारदा सदन काढून जिने विधवांना आसरा दिला, त्या बाईने जगापुढे सांगितले की इतकी वर्षे मी आतून रिकामी होते. त्या आठ वर्षांत त्यांनी प्रार्थना सोडली नाही आणि नसलेल्या अनुभवाचा आवही आणला नाही.

तेव्हा रडू येत नसेल तर रडू नका. इतरांचे हात वर आहेत म्हणून आपले करू नका, आणि त्यांचे वर आहेत म्हणून त्यांना हसूही नका. सभेचा खरेपणा तपासायचाच असेल तर सोमवारी तपासा. मुक्तीतल्या त्याच मुली दळत होत्या, विणत होत्या, आजाऱ्यांची सेवा करत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाई स्वतः साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खे बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून उतरवत बसल्या आणि 1922 च्या एप्रिलमध्ये मरेपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही. तुमच्या सभेतली माणसे सोमवारी कशी वागतात? आणि तुम्ही कसे वागता?

शंका : मी मुंबईला असतो. गावच्या वाडीत खुरसाकडे (क्रुसाकडे) दर मे महिन्यात लदीन (सामूहिक प्रार्थना) होते. यंदा खुरीस नवा बांधायचा आहे, मोठी रक्कम मी देणार आहे. फळीवर आईवडिलांचे नाव घालावे असे वाटते. मोठा भाऊ गावीच असतो. तो लोकांना सांगत फिरतो की मला मिरवायचे आहे. सामायिक जमिनीवरून आणि आंब्याच्या कलमांच्या उत्पन्नावरून आमचे बोलणे कधीचेच बंद आहे. चूक त्याची आहे. नाव घालणे हा गर्व होतो का?

समाधान : फळीचा प्रश्न लहान आहे. नाव घालू नका. आईवडिलांसाठी मिस्सा सांगा, गावच्या लोकांना त्यांची आठवण फळीशिवायही आहे. मोठा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळींत घाईघाईने उरकला आहे.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला जर आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर त्याने अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. नीट वाचा. तुमच्या मनात भावाविषयी काय आहे, हे तो विचारतच नाही. भावाच्या मनात काय आहे, ते विचारतो. चूक कुणाची, हा हिशेब त्या वाक्यात कुठेच नाही. आणि हे ऐकणाऱ्यांत पुष्कळ लोक गालिलातले होते. वेदी यरुशलेमेत. अर्पण ठेवून घरी परतायचे म्हणजे त्यांना शंभर किलोमीटरहून अधिक पायपीट, जायला काही दिवस, यायला काही दिवस. ऐकणाऱ्यांना ते अंतर माहीत होते, तरी येशूने सूट दिली नाही. तुम्हाला कोकणकन्या एक्स्प्रेसची एक रात्र आहे.

गावी आलात की मिस्सात शांती देण्याच्या वेळी तुम्ही डावी-उजवीकडच्या माणसांचे हात हातात घेता. त्याच चर्चमध्ये चार बाकांवर भाऊ बसलेला असतो. माझ्या मते तुमची खरी लदीन त्या चार बाकांच्या अंतरात अडकली आहे.

लदिनीच्या आधी गावी जा. एकटे जा. वकील नको, मोजणीचा नकाशा नको, मध्यस्थ नको. मी तुला क्षमा केली, असे चुकूनही म्हणू नका. ते वाक्य उंच ओट्यावरून खालच्याला बोलल्यासारखे लागते. दादा, माझे काय चुकले ते सांग, असे म्हणा आणि मग गप्प बसा. तो जे बोलेल त्यातले निम्मे तुम्हाला अन्यायाचे वाटेल. वृद्ध आईवडिलांची आजारपणे त्याने काढली असतील, पावसाळ्यात कौले त्याने परतली असतील, आणि मे महिन्यात पेट्या मोजायला तुम्ही आला असाल. हे मी अंदाजाने लिहितो, पण कोकणातल्या पुष्कळ घरांत हेच दुखणे असते. ऐकून घ्या, लगेच खुलासा करू नका.

याचा अर्थ हक्क सोडा असा नाही. समेट वेगळा, वाटप वेगळे. दोघांची संमती असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून सामायिक जमिनीचे वाटप करून घेता येते, जमीन महसूल संहितेत तशी तरतूद आहे. पण तो कागद दुसऱ्या भेटीत काढा.

आणि दादाने दारातूनच परत पाठवले तर? तर परत या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. लदिनीला मागे बसा आणि मनात त्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागा. खुरसाचे पैसे वाडीच्या वहीत इतरांची वर्गणी लिहितात तसेच, त्याच रांगेत लिहू द्या.