राखून ठेवलेली ताकद

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली पोलो जीटी टीएसआय रिमॅपसाठी माझ्याकडे येते, तेव्हा मालकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: किती निघेल? कंपनीचा आकडा 105 पीएस आणि 175 न्यूटन-मीटर. ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, फाइल बदलली की पॉवर 130च्या आसपास जाते आणि टॉर्क सव्वादोनशेच्या घरात. इंजिन तेच 1197 सीसीचं, टर्बो तोच, एक नटही सैल केलेला नसतो. पहिल्या फेरीनंतर मालक गाडीतून उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मला आजही हवंहवंसं वाटतं. या कामावर माझं घर चालतं आणि या कामावर माझं प्रेमही आहे. म्हणूनच दुसऱ्या कुणी विचारण्याआधी मी स्वतःला विचारायला हवं, की ही वाढलेली ताकद मी आणतो कुठून?

मी ती निर्माण करत नाही. ती इंजिनात होतीच. ज्यांनी ते इंजिन बेतलं त्यांनी ती राखून ठेवली होती, आणि तशी ठेवण्यामागे त्यांची कारणं होती.

टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण मे महिन्यात बाहेरच चाळीस अंश असले तर तो तरी किती करणार? पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी, त्यामुळे सिलिंडरमध्ये तेवढाच दाब पोचवायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. मुळात तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा. त्यात पेट्रोलचा प्रश्न. 2020च्या अखेरीस शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्या-मुंबईत मिळू लागलं, पण रात्री सोलापूरच्या पुढे टाकी भरायची वेळ आली की समोरच्या पंपावर जे असेल ते घ्यावं लागतं. हवा गरम, दाब जास्त आणि ऑक्टेन कमी, असं तिन्ही एकत्र आलं की नॉकिंग सुरू होतं. ठिणगीतून निघालेली ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि त्याचा घाव पिस्टनवर बसतो. कंपनीने ताकद राखून ठेवली ती अशा दिवसासाठी. सर्व्हिस चुकवणाऱ्या मालकासाठी, जुन्या झालेल्या स्पार्क प्लगसाठी, भर उन्हात पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीसाठी.

मी त्याच राखीव ताकदीतून काढून देतो. हे वाक्य मी ग्राहकासमोर फारसं उच्चारत नाही. "इंजिनात दम आहे, कंपनीने दाबून ठेवलाय," असं आमच्या धंद्यात सर्रास म्हटलं जातं. त्यात थोडं खरं आहे, कारण एकाच इंजिनाचे दोन दर्जे करून वेगवेगळ्या किमतीला विकणं कंपन्यांना माहीत आहे. पण दाबून ठेवलेलं आणि राखून ठेवलेलं यात फरक आहे, आणि तो मला कळतो. न कळणाऱ्याने तसं बोलणं वेगळं, मी बोलणं वेगळं.

खरी परीक्षा लॉग बघताना होते. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरवर, बांधलेली, समोर मोठा पंखा, तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत इनटेकचं तापमान चढलेलं. मालकाची नजर स्क्रीनवरच्या वळणदार रेषेवर, तिच्या टोकावर. माझी नजर दुसऱ्या कोष्टकावर असते. तिथे प्रत्येक सिलिंडरचा एक रकाना. नॉक सेन्सरने किती अंश ठिणगी मागे खेचली, ते तिथे येतं. पहिला सिलिंडर शून्य, दुसरा शून्य, तिसरा उणे चार, चौथा उणे एक. साडेचार हजार आरपीएमपाशी तो तिसरा रकाना पुन्हा पुन्हा उणे चारवर येतो. अशा वेळी दोन वाटा असतात. ठिणगीचं टायमिंग आणि टर्बोचा दाब थोडा उतरवायचा, आठ-दहा पीएस सोडून द्यायचे, आणि मालकाला अपेक्षेपेक्षा छोटा आकडा दाखवायचा. किंवा तसंच ठेवायचं, कारण "सेन्सर सांभाळतोय की."

ते एक वाक्य मी स्वतःसमोर ठेवतो. सेन्सर खरंच सांभाळतो. पण तो नेमलेला आहे वाईट दिवसासाठी, आणि मी त्याला रोजच्या कामाला जुंपलं तर वाईट दिवशी त्याच्याकडे उरणार काय? उणे चारचा तो रकाना मालकाला वाचता येत नाही. त्या खोलीत तो वाचू शकणारा मी एकटा असतो. माझा प्रामाणिकपणा मोजायला याहून नेमकी जागा मला माहीत नाही.

गिअरबॉक्सचंही तसंच. या पोलोतला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची मर्यादा 250 न्यूटन-मीटर. सव्वादोनशे म्हणजे मर्यादेच्या आत, असं मी सांगतो आणि ते खोटं नाही. मात्र संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडताना तासभर सरकत-थांबत चालणारी गाडी आणि नव्या गिअरबॉक्सचा कागदावरचा आकडा, यांची गाठ मी घालून देत नाही तोवर माझं सांगणं अर्धं राहतं.

शिवाय हा मालक शेवटचा नसतो. चार वर्षांनी गाडी विकली जाईल, आरसीवर नवं नाव चढेल. घेणारा कदाचित पहिल्यांदाच टर्बो गाडी घेणारा, ईएमआयवर जगणारा माणूस असेल. राखून ठेवलेल्या ताकदीत त्याचाही वाटा होता. त्याला न विचारता तो खर्च झालेला असतो, आणि गाडीत कुठेही त्याची नोंद नसते.

डाउनपाइपबद्दल, म्हणजे टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट नळीबद्दल, मात्र माझ्या मनात शंका उरलेली नाही. एक्झॉस्ट मोकळा करण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढून सरळ नळी बसवायची, आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करेल म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तो एरर कोड बंद करायचा. चेक इंजिनचा दिवा मग कधीच लागत नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा पातळ थर दिलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निरुपद्रवी करते. ती काढल्यावर हे सगळं मागच्या स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या नाकात जातं. सप्टेंबर 2015मध्ये फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण उघड झालं, तेव्हा जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांमध्ये तपासणी ओळखून वेगळं वागणारं सॉफ्टवेअर निघालं. आपल्याकडे एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने चाचण्या केल्या आणि डिसेंबरमध्ये 3 लाख 23 हजार 700 गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. आम्ही गाडीवेडे तेव्हा चवताळून बोललो होतो. मग सेन्सरला गप्प बसवणारी ओळ लिहिणारा ट्यूनर काय वेगळं करतो? त्यांनी ते लाखांत केलं, तो एकेक करून करतो. वेताळ टेकडीवर फिरायला गेलो की एआरएआयच्या इमारती दिसतात. ज्या चाचण्यांवर गाडीला रस्त्यावर यायची परवानगी मिळते, त्या तिथे होतात. कॅट काढण्याचं काम मी घेत नाही, आणि ते नाकारताना कारण सांगतो, "वेळ नाही" असं म्हणून सुटका करून घेत नाही.

पण यावरून स्वतःला स्वच्छ ठरवणं सोपं आहे, आणि ते मी करू नये. कॅट जागेवर असला तरी पूर्ण थ्रॉटलला इंजिन थंड राखण्यासाठी मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं, आणि तेवढा वेळ कार्बन मोनॉक्साइड वाढतोच. पीयूसीची तपासणी उभ्या गाडीवर, भाराशिवाय होते. तिथे हे दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते नाही, असं मी म्हणू शकत नाही.

कायद्याचंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या, कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, अशी तरतूद आली. "फाइल कुणाला दिसते, दादा?" असं पोरं विचारतात. विमा कंपनीला दिसू शकते, अपघातानंतर. मी हे सगळं सांगतो. फक्त केव्हा सांगतो, हे मला तपासावं लागलं. पूर्वी आकडे आधी, तेही रंगवून, आणि धोके नंतर, पटपट, मालकाने मनात पैसे मोजून झाल्यावर. शब्द तेच असले तरी क्रम बदलला की माणसाचा निर्णय बदलतो. आता क्रम उलटा आहे. त्यामुळे काही जण उठून जातात. जाऊ देत.

राहिला वेग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मर्यादा ताशी 100 आणि 105 पीएसची पोलो ती आरामात गाठते. कोइम्बतूरच्या नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर जाणारा, अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर वेळ लावणारा माणूस वेगळा. त्याच्यासाठी मी रात्र रात्र बसतो. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची वाढीव ताकद खर्च होते ती सार्वजनिक रस्त्यावर, हे मला माहीत आहे. त्यामुळे नवशिक्या मुलाच्या, बापाच्या पैशाने घेतलेल्या गाडीला मी हात लावत नाही. अनुभवी माणसाला मात्र करून देतो. या दोघांमधली रेषा मी माझ्या अंदाजाने ओढतो, आणि तो अंदाज चुकला तर किंमत तिसऱ्यानेच मोजायची असते. या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्याजवळ आज नाही.

तुम्ही रिमॅप करून घेणार असाल तर मूळ फाइलची प्रत मागा, प्रत्येक सिलिंडरच्या रकान्यासह पूर्ण लॉग मागा, आणि गाडी विकताना ते दोन्ही घेणाऱ्याच्या हातात द्या. हे द्यायला जो ट्यूनर कां कूं करेल, मग तो मी का असेना, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.