काम आणि हजेरी

नगर ते पुणे साधारण १२० किलोमीटर. वाघोलीची कोंडी आणि पुढे हिंजवडी धरली, तर जाण्यातच अर्धा दिवस संपतो. करोनाच्या काळात हे अंतर एकाएकी पुसलं गेलं आणि माझ्यासारखे अनेक जण इथे घरी बसून पुण्याच्या कंपन्यांचं काम करू लागले. आता 'परत या' असे निरोप येतात, आणि कुरकुरणाऱ्याला लाडावलेला म्हटलं जातं. मला मात्र प्रश्न पडतो, नोकरीत आपण विकतो काय? काम की हजेरी?

२०२० मध्ये टीसीएसनं जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचारी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीनं पाचही दिवस बोलावलं. २०२४ मध्ये हजेरी ६० टक्क्यांखाली गेली तर व्हेरिएबल पे नाही, असा नियम आला. पहिली घोषणा हा काही करार नव्हता. पण माणसं केवळ करारावर जगत नाहीत. अशा शब्दांवर विसंबून कुणी पुण्यातली भाड्याची जागा सोडतं, कुणी मुलांना गावातल्या शाळेत घालतं, कुणी आजारी आईला जवळ आणतं. ज्याच्या शब्दानं दुसऱ्याच्या आयुष्याची मांडणी बदलते, तो शब्द फिरवताना त्यानं निदान खरं कारण आणि पुरेशी मुदत तरी द्यायला हवी.

यावर एक आक्षेप मला खरोखर टोचतो. याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड घेऊन निघतात. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. त्यांच्यापुढे आपली तक्रार म्हणजे चोचलेच नव्हेत का?

पण हेच उदाहरण नीट पाहिलं, तर त्यात दोन वेगळ्या सक्ती दिसतात. ऊस फडातच तोडावा लागतो. ही सक्ती कामातून येते. मुलांची शाळा बुडणं, महिनोन्महिने पालात राहणं ही सक्ती मात्र कामातून येत नाही, ती दुसऱ्याच्या सोयीतून आणि काटकसरीतून येते. पहिलीबद्दल भांडता येत नाही. दुसरीबद्दल भांडायलाच हवं.

हीच कसोटी मी स्वतःला लावतो. नव्या मुलाला शेजारी बसवून शिकवायचं असेल, तर मी पुण्याला गेलं पाहिजे. तिथे अडून बसणं हा नुसता आळस. पण हिंजवडीतल्या खुर्चीत बसून, कानाला हेडफोन लावून, बंगळूरच्या सहकाऱ्याशीच बोलायचं असेल, तर ते जाणं कामासाठी नाही, नजरेखाली राहण्यासाठी आहे. त्याला नकार देण्यात मला काही गैर वाटत नाही.

मात्र ही कसोटी स्वतःपुरतीच वापरली, तर ती तत्त्व न राहता नुसती सोय होते. घरून काम करण्याचा हक्क मागणाऱ्यानं पालातल्या मुलांच्या शाळेबद्दलही बोललं पाहिजे. नाहीतर लाडावलेला हा शब्द आपल्याला लागू पडतो.